रंगीत मेंढी, उलटी गाय आणि चॅटमधला धप्पा: गुपित कमांड नेमक्या राहतात कुठे?

पंचवटीतल्या अकरावीतल्या एका मुलाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "दादा, आम्ही दहा मित्र माइनक्राफ्टच्या जावा एडिशनवर स्वतःचा सर्व्हर चालवतो आणि त्यात जुनं नाशिक बांधतोय. ठरावीक नाव दिलं की मेंढी रंग बदलते, ते आमच्याकडे चालतं. पण बाकीचे बरेच कोड चालत नाहीत. असं का? आम्हाला आमच्या स्वतःच्या गुपित चॅट कमांड आणि ईस्टर एग (गेममध्ये दडवलेल्या गमती) घालायचे आहेत, ते कसे घालायचे? शिवाय नव्याने आलेला एक जण गुपित कमांडचं तयार प्लगइन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) फुकट देतो म्हणतोय. टाकू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: ते प्लगइन टाकू नकोस. का, ते पुढे सविस्तर येईल, पण तोवर हात आवर. आणि एक सोय सांगून ठेवतो. कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप कर.

मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे. कॉलेज रोडवरच्या एका गेमिंग कॅफेच्या काउंटरवर सुरुवात केली, आता सर्व्हर सांभाळतो आणि त्यांच्यासाठी प्लगइन लिहितो. या सगळ्या काळात दडवलेली कुठलीही गोष्ट दिसली की मी एकच प्रश्न विचारत आलोय: ही गोष्ट राहते कुठे? खेळणाऱ्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, की सर्व्हरवर? ते कळलं की ती का चालते, का चालत नाही आणि घातक आहे का, हे आपोआप उलगडतं.

तुझ्या त्या मेंढीपासूनच सुरू कर. ॲन्व्हिलवर (गेममधल्या ऐरणीवर) नेम टॅगला, म्हणजे नावाच्या चिठ्ठीला, जे, ई, बी आणि शेवटी अंडरस्कोर एवढं नाव दे. सगळी अक्षरं लहान लिपीत हवीत. एक लेव्हल खर्च होईल. तो टॅग एखाद्या पांढऱ्या मेंढीला लाव, ती सगळ्या रंगांतून फिरायला लागेल. जेब म्हणजे येन्स बर्गेनस्टेन, माइनक्राफ्टच्या मुख्य निर्मात्यांपैकी एक, त्याच्याच टोपणनावावरून हे आलंय. आता मजा बघ. मेंढी झगझगीत जांभळी दिसत असताना कात्री घे आणि तिची लोकर काप. हातात येईल पांढरी लोकर. जांभळ्या क्षणी काप, हिरव्या क्षणी काप, लोकर पांढरीच. कारण सर्व्हरच्या वहीत ती मेंढी पांढरी म्हणूनच लिहिलेली आहे. सर्व्हर तुमच्या दहाही जणांना फक्त इतकंच कळवतो की "ही मेंढी, हिचं नाव अमुक." रंगवण्याचं काम प्रत्येकाचा कॉम्प्युटर आपापलं करतो: चित्र काढताना नाव तपासतो, जुळलं तर रंग फिरवतो. म्हणून हे कुठल्याही सर्व्हरवर चालतं, कुणाची परवानगी लागत नाही, ऑप, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याचे हक्क, तेही लागत नाहीत.

डिनरबोन किंवा ग्रम हे नाव दिलं (पहिलं अक्षर मोठं) की प्राणी उलटा होतो, पाय वर आणि डोकं खाली. हेही दोघे माइनक्राफ्ट बनवणाऱ्या चमूतलेच. गाय उलटी दिसते, पण तिच्यावर वार करायचा तर जागा तीच राहते, धान्य खायलाही ती तशीच पुढे येते. एफ 3 आणि बी एकत्र दाबून तिच्याभोवतीची चौकट दिसू दे, म्हणजे लगेच पटेल: चौकट जशीच्या तशी उभी आहे, उलटं झालंय ते फक्त चित्र. सशाला टोस्ट नाव दिलं की त्याची कातडी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची होते. एका खेळाडूच्या मैत्रिणीचा ससा हरवला होता, त्याची आठवण म्हणून निर्मात्यांनी ते घातलं. मला सगळ्या ईस्टर एगमध्ये हा सर्वांत जवळचा वाटतो. त्याने कुणाला एक हिरासुद्धा मिळत नाही. एक हरवलेला ससा जगभरच्या खेळाडूंच्या कॉम्प्युटरवर जिवंत आहे, इतकंच.

आता याच्या उलट उदाहरण. व्हिंडिकेटर या कुऱ्हाडवाल्या शत्रूला जॉनी नाव दिलं की तो दिसेल त्या जवळपास प्रत्येक प्राण्याच्या अंगावर धावतो. बाहेरून पाहिलं तर तीच नेम टॅगची युक्ती. पण इथे नाव तपासतो तो सर्व्हर, कारण कुणावर हल्ला करायचा हा निर्णय सर्व्हरचा असतो. म्हणून जॉनी मारतो तेव्हा कोंबडी खरोखर मरते आणि ती सगळ्यांसाठीच मरते. मेंढीचा रंग चित्रापुरता, जॉनीची कुऱ्हाड खरी.

तारखेवर चालणाऱ्या गमतींतही हाच भेद आहे. 24 ते 26 डिसेंबर या तीन दिवसांत पेट्या ख्रिसमसच्या भेटीसारख्या गुंडाळलेल्या दिसतात. ते तुझ्या कॉम्प्युटरच्या घड्याळावर ठरतं. तू आज तारीख बदलून गेम उघडलास तर तुला पेट्या गुंडाळलेल्या दिसतील, शेजारी बसलेल्या मित्राला साध्याच दिसतील. 31 ऑक्टोबरला मात्र काही झॉम्बी आणि सांगाडे डोक्यावर भोपळा घालून उगवतात. ते सर्व्हरच्या घड्याळावर. तिथे तुझ्या घड्याळाला कुणी विचारत नाही.

"बाकीचे कोड चालत नाहीत" याचंही उत्तर इथेच आहे. तुझ्या यादीत बहुधा एकट्याने खेळायच्या गेमचे कोड मिसळले असणार. जीटीए सॅन अँड्रियास या गेममधला हेसोयाम हा कोड आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असतो: प्रकृती, चिलखत आणि अडीच लाख डॉलर. तो चालायचा कारण तिथे तू आणि तुझा कॉम्प्युटर, तिसरा कुणी नाही. पैशांची वही तुझ्याच घरात. चार जण एकत्र खेळायला लागले की वही सर्व्हरकडे जाते आणि तो असले शब्द ओळखतच नाही. स्लॅश लावून लिहिलेल्या कमांड सर्व्हर ओळखतो, पण आधी हक्क तपासतो. जावा एडिशनमध्ये ऑपच्या 4 पायऱ्या आहेत. वस्तू देणं, क्षणात दुसरीकडे नेणं, गेममोड बदलणं हे 2 पासून. हाकलणं, बंदी घालणं आणि दुसऱ्याला ऑप करणं 3 पासून. सर्व्हर बंद करणं 4 वर. तुमच्या सर्व्हरवर सरसकट सगळ्यांना 4 दिलेलं असेल तर आजच खाली आण.

कॅफेतल्या दिवसांत हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. काउंटर-स्ट्राइक 1.6 मध्ये पोरं टिल्ड दाबून कन्सोल उघडायची आणि इम्पल्स 101 टाकायची. घरी एकट्याने 16000 मिळायचे, कॅफेत काही नाही, कारण सर्व्हरवर चीटना परवानगी देणारं एस-व्ही-चीट्स हे सेटिंग शून्यावर, म्हणजे बंद होतं. पण त्याच कॅफेत चॅटमध्ये नुसतं "टाइमलेफ्ट" किंवा "नेक्स्टमॅप" लिहिलं की सर्व्हर उत्तर द्यायचा, स्लॅशसुद्धा नको. "स्लॅश टॉप 15" लिहिलं की क्रमवारी उघडायची, आणि ती बघायला काउंटरपाशी गर्दी व्हायची. त्या सगळ्या आम्ही सर्व्हरवर चढवलेल्या प्लगइनच्या करामती होत्या. गेमने त्या दिल्या नव्हत्या.

एज ऑफ एम्पायर्स 2 मध्ये गोष्ट आणखी वेगळी. तिथे चॅटमध्ये आकडा लिहिला की आवाज यायचा: 11 लिहिलं की हसू, 30 लिहिलं की पुजाऱ्याचं "वोलोलो", आणि सगळे तयार होऊन एक जण पाणी प्यायला गेलेला असला की 14, म्हणजे "सुरू कर की आता". 3 लिहिलं की अन्न मागणं, 4 म्हणजे लाकूड. मित्रपक्ष कॉम्प्युटरच खेळवत असला तर तो ते ऐकायचाही. त्या गेममध्ये मधे बसलेला, वही सांभाळणारा असा सर्व्हर नाही. प्रत्येक कॉम्प्युटर पूर्ण लढाई स्वतः चालवतो आणि एकमेकांना फक्त "याने हे हुकूम दिले" एवढंच कळवतो. 28.8 केबीपीएसच्या मोडेमवर शेकडो सैनिकांची लढाई खेळता यावी म्हणून ती रचना केली होती. त्यामुळे एकाच्या कॉम्प्युटरवर 1000 सोनं वाढलं आणि दुसऱ्याच्या वाढलं नाही, तर दोन लढाया वेगळ्या पडतात आणि गेम "आउट ऑफ सिंक" म्हणून थांबतो. म्हणून चीट चालवायचा तर तो आधी सगळ्यांनी लॉबीतच मान्य करून घ्यायचा. एकट्याने गुपचूप करता येत नाही, यंत्रणाच तशी आहे.

आणि काही कोड चालत नाहीत कारण ते मुळात नाहीतच. हीरोब्राइन माइनक्राफ्टमध्ये कधीच नव्हता. निर्मात्यांनीच बदलांच्या यादीत "हीरोब्राइन काढला" असं लिहून लिहून ती दंतकथा जोपासली. ती निरुपद्रवी. पण "चॅटमध्ये हे टाका, डायमंड फुकट", "ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ही ओळ पेस्ट करा, रोब्लॉक्सची गुपित कमांड उघडेल" हे सांगणारा तुझं खातं पळवायला बसलेला असतो. ब्राउझरच्या कन्सोलमधली ओळ गेमशी बोलतच नाही, ती तुझ्या लॉगिनशी बोलते. रोब्लॉक्सच्या खऱ्या चॅट कमांड साध्या आहेत, स्लॅश ई डान्स लिहिलं की पात्र नाचतं. तेवढ्यासाठी कन्सोल कुणालाच लागत नाही.

आता तुमच्या नाशिकाकडे येऊ. जुनं नाशिक बांधताय आणि ईस्टर एग काय घालू विचारतोस, तर रहाड घाल ना! पेशवेकाळापासून चालत आलेला जमिनीखालचा रंगाचा हौद. वर्षभर त्याच्यावरून माणसं-गाड्या जातात, बाहेरच्याला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीला माती काढायची, लाकडं काढायची, रंग भरायचा, धप्पे मारायचे, म्हणजे हौदात उड्या घ्यायच्या, आणि मग पुन्हा बुजवून टाकायचं. शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. दडवलेल्या गमतीचा याहून चांगला नमुना मला दुसऱ्या कुठल्याही शहरात माहीत नाही. चौकात उभं राहून चॅटमध्ये "धप्पा" लिहिलं की रस्ता उघडावा आणि खाली रंगीत पाणी दिसावं. हे कसं करायचं ते सांगतो, कारण मी एका सर्व्हरवर केलंय.

पाण्याचा रंग आधी. माइनक्राफ्टमध्ये पाण्याला स्वतःचा रंग नसतो, तो बायोमवरून, म्हणजे त्या जागेच्या निसर्ग-प्रकारावरून येतो. डेटापॅकमध्ये (जगात टाकायच्या नियमांच्या फाइलींत) आपला बायोम लिहून त्याचा पाण्याचा रंग हवा तो देता येतो, आणि गेमच्या 1.19.3 आवृत्तीपासून फिलबायोम कमांडने तो नेमक्या जागी पसरता येतो. खेळणाऱ्यांना काहीही डाउनलोड करावं लागत नाही, सर्व्हरमध्ये शिरतानाच बायोमची माहिती त्यांच्याकडे जाते. दोन गोष्टी सांभाळ. बायोम 4 बाय 4 बाय 4 ब्लॉकच्या खणांत साठवला जातो, म्हणून हौदाची मापं 4 च्या पटीत आणि खणांच्या रेषेत घे. आणि प्रत्येकाचा कॉम्प्युटर कडेचे रंग एकमेकांत मिसळतो, त्यामुळे हौदाच्या बाहेरही चारपाच ब्लॉक तोच बायोम पसर, नाहीतर कडेला गुलाबी रंग गढूळ दिसतो. डेटापॅक टाकल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू कर, नुसत्या रीलोडने नवा बायोम येत नाही. वॉरक्राफ्ट 3 वर चालणाऱ्या जुन्या डोटाच्या नकाशात डॅश वॉटर रेड लिहिलं की नदी लाल व्हायची, ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून मला हा एक रंग बदलणं फार आवडतं. खेळ तोच राहतो, नदी मात्र वेगळी.

आता शब्द. प्लगइन लिहिता येत नसेल तर गेमचीच ट्रिगर ही कमांड पुरते. स्कोअरबोर्डवर (गेमची आकडे ठेवायची वही) धप्पा नावाचं ट्रिगर प्रकारचं ऑब्जेक्टिव्ह बनव. मग ऑप नसलेला खेळाडूही स्लॅश ट्रिगर धप्पा लिहू शकतो, पण आधी ते त्याच्यासाठी इनेबल केलेलं हवं, आणि एकदा वापरलं की पुन्हा इनेबल करावं लागतं. हा त्रास वाटतो, पण दडवण्याची युक्ती त्यातच आहे. टॅब दाबल्यावर गेम फक्त इनेबल असलेलेच ट्रिगर सुचवतो. म्हणून डेटापॅकच्या टिक फंक्शनमध्ये (ते सेकंदाला 20 वेळा चालतं) असं लिही की चौकापासून 5 ब्लॉकच्या आत असलेल्यालाच ते इनेबल व्हावं, आणि बाहेर पडला की त्याचा स्कोअर रीसेट व्हावा. मग चौकात न येता कुणाला ते टॅबमध्ये सापडायचं नाही.

प्लगइन लिहीत असाल तर इथेच बहुतेकांची फसगत होते. 1.13 पासून सर्व्हर सगळ्या कमांडचं झाड खेळाडूकडे पाठवतो. तुझी गुपित कमांड नोंदवलीस की टॅबमध्ये ती सरळ यादीत येते, गुपित उरतच नाही. प्लेअर-कमांड-सेंड नावाची घटना (इव्हेंट) पकडून ती त्या यादीतून काढता येते. त्यापेक्षा बरं म्हणजे कमांड नोंदवूच नये, चॅटचा मजकूर ऐकावा आणि त्यात शब्द सापडला की काम करावं. चॅटची घटना मुख्य धाग्यावर, म्हणजे सर्व्हर जिथे जगातले बदल करतो तिथे, चालत नाही, हे मात्र लक्षात ठेव. त्या घटनेच्या आतून थेट ब्लॉक बदललेस तर त्रुटी येईल. शब्द जुळला एवढं तिथे ठरव आणि ब्लॉक बदलायचं काम शेड्यूलरकडून मुख्य धाग्यावर सोपव.

रंगाचे कण उडवतानाही जपून. माझ्या पहिल्या रहाडीत मी कण सगळ्या जगाला पाठवले होते. रंगपंचमीच्या संध्याकाळी वीस-बावीस जण एकदम धप्पा धप्पा लिहायला लागले आणि साध्या लॅपटॉपवाल्यांचा खेळ अक्षरशः गोठला. सर्व्हर मात्र निवांत सेकंदाला 20 टिकवर, म्हणजे पूर्ण वेगाने चालू होता, त्यामुळे मला आधी कळेचना की तक्रार कशाची आहे. चित्र काढायचा सगळा भार त्यांच्या कॉम्प्युटरवर पडला होता. नंतर मी कण ज्याने धप्पा मारला त्यालाच पाठवायला लागलो आणि दोन धप्प्यांत 8 सेकंदांचं अंतर ठेवलं. रस्ता उघडणं मात्र सगळ्यांना दिसू दे. एकाने शोधलं आणि चौकातले बाकीचे थबकून बघतायत, हाच तर त्याचा आनंद!

शब्द जुळवण्याबद्दल मराठी सर्व्हरवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं असं थोडं आहे. मुलं चॅटमध्ये मराठी बहुधा इंग्रजी अक्षरांत लिहितात, तेव्हा धप्पाची दोन-तीन रोमन स्पेलिंग स्वीकार, पुढचे-मागचे मोकळे स्पेस काढ, अक्षरं लहान करून मग ताडून बघ. देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी युनिकोडचं नॉर्मलायझेशन कर, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक कर. "दुसऱ्या"मधला ऱ एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत येतो. डोळ्यांना सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. एनएफसी प्रकारचं नॉर्मलायझेशन ते एक करतं. पण ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ हे दोन नॉर्मलायझेशननेही एक होत नाहीत. तुझ्या गुपित शब्दात ते अक्षर असेल तर दोन्ही रूपं यादीत हातानेच लिहावी लागतील. मधे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह आलेलं असतं, तेही गाळून टाक.

दुसरी कल्पना गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची. गोदावरीला पूर आला की आपल्याकडे पाणी किती हे कुणी मीटरमध्ये विचारत नाही, मारुतीच्या कमरेला लागलं का, छातीपर्यंत आलं का, असंच विचारतात. तर तुमच्या मारुतीसमोर उभं राहून कुणी "पाणी किती" लिहिलं की सर्व्हरने उत्तर द्यावं: गेममध्ये ऊन असेल तर पायाशी, पाऊस नुकताच लागला असेल तर गुडघ्याला, वादळ असेल तर छातीला. पाऊस किती वेळ चालू आहे हे सर्व्हर स्वतः मोजत नाही, तो थांबायला किती वेळ उरला हे मोजतो, तेव्हा पाऊस लागल्याची वेळ आपणच नोंदवून ठेवायची. हे उत्तर त्या एकालाच जाऊ दे. इथला नसलेल्याला हा प्रश्न सुचणारच नाही, आणि इथल्याला कुणी न सांगता सुचेल. चांगल्या गुपिताची खूण मला ती वाटते: उत्तर फाइली उकरून मिळत नाही, ते तुझ्या गावच्या बोलण्यात आधीपासून असतं.

फक्त उत्तर दाखवताना एक अडचण येईल. गेममध्ये देवनागरी अक्षरं दिसतात, पण ती नीट जुळत नाहीत. "नाशिक" लिहिलं तर शची ऱ्हस्व वेलांटी शच्या पुढे जाऊन बसते, आणि जोडाक्षरं हलंत देऊन सुटी पडतात. सर्व्हरकडे गेलेला मजकूर बरोबरच असतो, बिघडतं ते चित्रात. म्हणून ओळखण्यासाठी देवनागरी बिनधास्त वापर, पण दाखवायचं मराठी मी मॅपवर चित्र म्हणून काढतो आणि तो मॅप फ्रेममध्ये लावतो. चौकाचौकांतल्या पाट्या तशाच करा, दिसायलाही त्या खऱ्या पाटीसारख्या दिसतात.

आता त्या फुकटच्या प्लगइनबद्दल. मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर आमच्यातल्या एकाने विकतचं प्लगइन कुठल्याशा जागेवरून फुकट उतरवून टाकलं होतं. आठवडाभर सगळं सुरळीत. मग एका रात्री अनोळखी नाव आत आलं. त्याने चॅटमध्ये काहीतरी लिहिलं असणार, पण आमच्या कुणाच्याच पडद्यावर ते उमटलं नाही. मिनिटाभरात तो ऑप होता, आणि दोन महिने बांधलेली तटबंदी लाव्ह्याखाली गेली. प्लगइनमध्ये चॅट ऐकणारा तुकडा दडवलेला होता: ठरावीक शब्द आला की तो संदेश गिळून टाकायचा आणि लिहिणाऱ्याला ऑप करायचं. वर मी तुला धप्प्यासाठी जी रीत सांगितली, तीच ही. फरक इतकाच की ती कुणाच्या फायद्यासाठी दडवली आहे. स्लॅश कमांड सर्व्हरच्या लॉगमध्ये "अमक्याने ही कमांड दिली" म्हणून उमटते. चॅटच्या घटनेत गिळलेला संदेश लॉगमध्येही येत नाही. लॉग चाळून आम्हाला काहीच सापडलं नाही ते त्यामुळे. शेवटी ऑप्स नावाच्या जेसॉन फाइलमध्ये, म्हणजे ऑप असलेल्यांच्या यादीत, ते परकं नाव दिसलं, प्लगइनची फाइल उलगडून सेट-ऑप शब्द शोधला, तेव्हा तो तुकडा हाती लागला. म्हणून प्लगइन मूळ प्रकाशकाच्या पानावरूनच घे, त्या जेसॉन फाइलवर नजर ठेव, आणि तुझ्या स्वतःच्या गुपित शब्दांची नोंद लॉगमध्ये मुद्दाम करून ठेव. खेळाडूंपासून गुपित ठेवायचं, सर्व्हर सांभाळणाऱ्यापासून नाही.

सर्व्हरची आवृत्तीही ताजी ठेव. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत भोक सापडलं, आणि ते जगाला सगळ्यात आधी ठळकपणे दिसलं ते माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये. ठरावीक ढाच्याची एक ओळ चॅटमध्ये लिहायची. सर्व्हर ती लॉगमध्ये उतरवायला जायचा आणि उतरवता उतरवता दूरच्या मशीनवरून कोड आणून चालवायचा. सर्व्हरच काय, चॅट वाचणाऱ्यांचे कॉम्प्युटरही धोक्यात. गांभीर्याच्या मोजपट्टीवर त्याला 10 पैकी 10 गुण होते. 10 डिसेंबरला गेमची दुरुस्त आवृत्ती 1.18.1 आली. त्या रात्री मी सगळे सर्व्हर आधी बंद केले, मग एकेक दुरुस्त करून पहाटेपर्यंत उघडले. कुणीही न घडवलेली, कुणालाही नको असलेली गुपित चॅट कमांड म्हणजे ती. तुझ्या मित्रांपैकी कुणी हौसेने 1.12 किंवा 1.16 चा जुना सर्व्हर चालवत असेल तर त्याने दुरुस्तीची फाइल लावली आहे का, हे आजच विचार.

घालताना दोन गोष्टी मी कधी सोडत नाही. एक, गुपितातून हिरे, चिलखत, उडणं असलं काही द्यायचं नाही. सापडलेल्याला फायदा मिळाला की दुसऱ्या दिवशी तो शब्द सगळ्यांच्या वहीत असतो आणि ज्याला उशिरा कळलं तो रुसून बसतो. दोन, लखलखाट. पडदा एका सेकंदात 3 पेक्षा जास्त वेळा उघडझाप करेल असं काही करू नकोस. काही मुलांना त्याने झटके येऊ शकतात आणि कुणाला येतील हे आधी कळत नाही. धप्प्याचा रंग सावकाश पसरू दे, दिसतोही छान.

आणि तुम्ही दहा जण इतकं बांधताय तर एक शेवटची गोष्ट घाला. 1980 च्या सुमारास अटारीमध्ये वॉरन रॉबिनेटने ॲडव्हेंचर हा गेम लिहिला. तेव्हा अटारी गेमवर लिहिणाऱ्याचं नाव छापत नसे. त्याने भिंतीत जवळपास न दिसणारा एक करडा ठिपका दडवला. तो उचलून ठरावीक भिंतीपाशी नेला की आत खोली, आणि खोलीत त्याचं नाव. अशा गोष्टींना ईस्टर एग म्हणायला तिथूनच सुरुवात झाली. तुमच्या रहाडीच्या तळाशी, पाण्याखाली, एक छोटी खोली ठेवा आणि तिच्यात तुमची नावं लिहा. वर सांगितलेल्या अडचणीमुळे इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतील. पाटीवर चार ओळी मावतात, आणि 1.20 पासून उभ्या पाटीच्या दोन्ही बाजूंना लिहिता येतं, तेव्हा दहा नावांना दोन पाट्या पुरतील. लिहून झाल्यावर दोन्ही पाट्यांना हनीकोम (मधाच्या पोळ्याचा तुकडा) लाव, म्हणजे पुढच्या बॅचमधल्या कुणाला पाटीवरची नावं बदलता येणार नाहीत.